मिरचीचे एक हजार आठ ढेकर

सदतिसावं फूल मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पडलं. शाल्मली तेव्हा दात घासत होती. सांभाळराव न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, राखाडी हात पुढे केला, आणि तळव्यावरच्या कापसात निजवलेलं इवलंसं पांढरं फूल दाखवत खालच्या आवाजात म्हणाले, “शाल्मलीताई, दुःखद बातमी आहे.”

“पुन्हा?” शाल्मलीच्या तोंडात फेस होता, त्यामुळे ते ‘फुन्हा’ असं ऐकू आलं.

“पुन्हा. आपण धीर धरावा.”

सांभाळराव हे घरातले यंत्रमानव. शाल्मलीचा धाकटा भाऊ अंबर जन्मला त्याच आठवड्यात आईने त्यांना आणलं. शाल्मलीचे वडील दूर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. दोन महिन्यांतून एकदा घरी. नागपुरात एकोणिसाव्या मजल्यावर राहायचं, गॅलरीला लागून बाळाची खोली, आणि आईचा स्वभाव असा, की अंबर शिंकला तर ती घड्याळात वेळ बघून ठेवायची. म्हणून सांभाळराव. त्यांच्या पोटात बाळाच्या काळजीचे दोनशे चौदा नियम भरलेले होते आणि त्यातला एकही ते विसरत नसत. खरं तर सगळी भानगड तिथेच झाली होती.

त्याचं असं झालं. आईचे वडील, म्हणजे शाल्मलीचे आजोबा डॉ. मुकुंद वैरागडे, हे बियाण्यांचे शास्त्रज्ञ. ते अकोल्याला राहायचे. जुनं कपाट आवरताना त्यांना एका डबीत ‘धुपारी’ मिरचीच्या सत्तावीस बिया सापडल्या. त्यांच्या लहानपणी ही मिरची त्यांच्या गावात परसोपरसी असे. खाताना आधी धुपासारखा वास यायचा, आणि तो किती छान आहे हे सांगायला तोंड उघडलं की मग तिखट लागायचं. आता ती कुठेच उरली नव्हती. आजोबांनी वीस बिया स्वतः पेरल्या आणि सात शाल्मलीला पाठवल्या. शाल्मलीने रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि सातही बिया पेरल्या. उगवलं ते एक रोप.

शाळेच्या वेळात रोपाकडे बघणार कोण? शाल्मलीने सांभाळरावांच्या छातीवरच्या पडद्यावर ‘नवीन सदस्य’ उघडलं. तिथे झाडांचा रकाना नव्हता. होते ते ज्येष्ठ, प्रौढ, शाळकरी, तान्हं बाळ आणि पाळीव प्राणी. पाळीव प्राण्यांना अंबरच्या खोलीपलीकडे, म्हणजे गॅलरीत, सक्त मनाई. शाल्मलीने दोन मिनिटं विचार केला आणि ‘तान्हं बाळ’वर बोट टेकवलं.

बाराव्या दिवशी सांभाळरावांनी विचारलं, “बारसं कधी?” तेव्हा शाल्मलीला गंमत वाटली. त्यांनी बादलीवर काजळाचा ठिपका लावला, तेव्हाही. थंडी पडल्यावर शेंड्याला टोपडं आलं, बादलीखाली पाणी टिपायला लंगोट आला, आणि मिरचीला हात लावण्याआधी वीस सेकंद साबणाने हात धुणं सक्तीचं झालं, तेव्हा मात्र तिने नाव काढून टाकायचा प्रयत्न केला. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘सुरक्षेच्या कारणास्तव तान्ह्या बाळाचं नाव पाच वर्षं काढता येत नाही.’

रोज सकाळी मग दोन्ही बाळांचा अहवाल यायचा. त्या मंगळवारचा असा होता :

‘अंबर. दूध : घेतलं. ढेकर : आला. रांगतो : होय, कपाटाखाली.

मिरची (वय ऐंशी दिवस). पाणी : दर दोन तासांनी दोन चमचे, घेतलं. मान धरली : होय. पालथी पडते : नाही. ढेकर : प्रलंबित, एकूण नऊशे साठ. फुलं गळली : एकूण सदतीस. मिरच्या : शून्य.’

शून्य! शाल्मलीने तो आकडा नाक काचेला लावून बघावा तसा बघितला. रोप तर गुडघ्याएवढं, हिरवंगार, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. फुलं येत, तीन-चार दिवस राहत, मग देठ पिवळा पडे, आणि टप्. असं का?

तेवढ्यात आजोबांचा फोन आला. भिंतीवरच्या पडद्यात त्यांचं कपाळच तेवढं दिसत होतं. फोन कसा धरायचा हे त्यांना कधी जमलं नाही.

“शालू, माझ्या वीसपैकी एकही बी उगवली नाही गं. आज शेवटची कुंडी उकरून बघितली. बिया म्हाताऱ्या झाल्या होत्या, माझ्यासारख्या.” कपाळावर आठ्या पडल्या. “म्हणजे आता जगात धुपारीचं एवढं एकच रोप असेल, तर ते तुझं. मिरच्या लागल्या ना?”

“ला... लागल्यात की.”

“शाबास! किती?”

“बऱ्याच.”

“मग शनिवारी येतोच मी. पिकली की बी धरू. एका मिरचीत पन्नास-साठ बिया, म्हणजे धुपारी वाचली समज!”

फोन बंद झाला. सांभाळरावांचे डोळे दोनदा निळे झाले. “ताई, अहवालात मिरच्या शून्य आहेत. ‘बऱ्याच’ हा आकडा मला सापडत नाही.”

“तुम्ही गप्प बसा हो, सांभाळराव!”

शनिवारपर्यंत आणखी चार फुलं पडली.

आजोबा आले ते थेट गॅलरीकडेच निघाले. आईने त्यांना अर्ध्यात अडवलं. “बाबा, आधी हातपाय. बाहेरून आलाय. आणि मिरचीला हात लावलात तर परत धुवायचे, अंबरच्या डोळ्यांना लागेल.”

“अगं, पानं तिखट नसतात. तिखटपणा मिरचीच्या आत, बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत असतो.”

“असू दे. धुवायचे.”

आजोबांनी हात धुतले, पुसले, आणि उत्साहाने विचारलं, “हं, कुठंयत मिरच्या?”

शाल्मलीने खाली बघितलं. सांभाळरावांनी मात्र तत्परतेने चपलांचं एक खोकं आणून उघडलं. आत कापसावर एक्केचाळीस वाळकी फुलं ओळीने निजवली होती, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ. “आपल्या नातीने ज्यांचा उल्लेख केला, त्या याच असाव्यात,” ते म्हणाले.

शाल्मलीला रडूच फुटलं. “मी खोटं बोलले, आजोबा. एकही नाही लागली. तुम्ही एवढे खूश झालात ना, मग मला सांगवेचना.”

आजोबा खुर्चीत बसले. त्यांनी खोकं मांडीवर घेतलं. शाल्मलीला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी खिशातून भिंग काढलं.

“खोटं बोललीस ते वाईटच. चार दिवस आधी कळलं असतं तर चार फुलं जास्त हाताशी असती. पण तुझ्या या रावसाहेबांनी नोंदी मात्र झकास ठेवल्यात. रडणं नंतर. आधी चोर शोधू. उरलेल्या कळ्या किती?”

“सतरा,” सांभाळराव म्हणाले.

“सतरा. आणि पुढे थंडी वाढली की नवीन कळ्या येणार नाहीत. म्हणजे जे काही करायचं ते या सतरांत.” आजोबांनी बाह्या वर केल्या. “पहिला संशयित, पाणी. जास्त झालं तर मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि झाड फुलं टाकतं.”

“दर दोन तासांनी दोन चमचे. लंगोट क्वचितच ओला.”

“लंगोट?” आजोबांनी बादलीखाली वाकून बघितलं आणि ते सरळ झाले. “पाणी निर्दोष. दुसरा संशयित, ऊन.”

“काचेतून रोज सहा तास.”

“पुरे. तिसरा, तापमान. फार उकाडा झाला तरी फुलं गळतात.”

“दिवसा अठ्ठावीस, रात्री एकोणीस. रात्री टोपडं.”

“खत?”

सांभाळराव ताठ झाले. “पहिले सहा महिने वरचं अन्न देऊ नये. नियम एकोणपन्नास.”

आजोबांना ठसका लागला. “मातीत शेणखत होतं म्हणून पोर वाचली म्हणायची! बरं, शालू, आता फुलाकडेच जाऊ. हे भिंग घे. काय दिसतं?”

शाल्मलीने वीस सेकंद हात धुतले आणि खोक्यातल्या सगळ्यात ताज्या फुलावर भिंग धरलं. पांढऱ्या पाकळ्यांच्या आत पाच-सहा जांभळट दांडुके वर्तुळात उभे होते, आणि बरोबर मधोमध एक हिरवट दांडी.

“ते जांभळे म्हणजे परागकोश (परागांच्या पिशव्या). त्यातून परागकण (पिठासारखी बारीक पिवळी भुकटी) निघतात. मधली दांडी दिसते ना, तिच्या टोकाला कुक्षी (परागकण झेलणारा चिकट शेंडा) असते. परागकण कुक्षीवर पडला की त्याला एक बारीक नळी फुटते. ती दांडीतून खाली उतरते आणि तळाशी असलेल्या बीजांडापर्यंत (बी जिच्यातून होते ती कणी) पोचते. मग बी धरते. बी धरली की झाडाला कळतं, या फुलावर मेहनत करण्यात अर्थ आहे. मग देठ हिरवा राहतो आणि मिरची होते. नाहीतर झाड म्हणतं, इथे काही नाही, टाका खाली.”

“पण पराग आणि कुक्षी तर एकाच फुलात आहेत. अगदी शेजारी!”

“दोन मिलिमीटर अंतर. नखाच्या जाडीची चार पावलं.”

“मग जात का नाहीत ते?”

“पाय कुठंयत त्यांना? कोणीतरी धक्का द्यायला हवा. बाहेर वारा देतो. फूल हललं की भुकटी सांडते. नाहीतर मधमाशी येऊन लुडबुडते. याला म्हणतात परागीभवन (परागकण कुक्षीवर पोचणं).” आजोबा सांभाळरावांकडे वळले. “रावसाहेब, वारा?”

“गॅलरीची काच कायम बंद. नियम तीन, शिवाय वहिनींची खास सूचना.”

दारात अंबरला खांद्यावर घेऊन उभी असलेली आई म्हणाली, “एकोणिसावा मजला आहे, बाबा. आणि हा आता कशालाही धरून उभा राहायला बघतो.”

“बरोबर आहे गं तुझं. आणि मधमाश्या?”

“काचेपर्यंत अकरा आल्या. कोणाचीही पूर्वपरवानगी नव्हती. परत पाठवल्या.”

“आणि रोपाला हलवणं?”

“बाळाला कधीही हलवू नये,” सांभाळराव इतक्या कडक आवाजात म्हणाले, की अंबरसुद्धा गप्प झाला. “नियम एक.”

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर सापडला होता. मिरचीचं काही कमी पडलं नव्हतं. तिला जरा जास्तच जपलं गेलं होतं!

“सोप्पंय मग!” ती म्हणाली आणि तिने रोपाच्या खोडाला टिचकी मारली.

पुढच्या क्षणी घरभर भोंगा वाजला. सांभाळरावांनी बादली उचलून छातीशी धरली, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि पाठीवर लाल दिवे लावले. आईचा फोन वाजला. समुद्रावरून वडील ओरडत होते, “कोणी मारलं अंबरला? मला निरोप आलाय, घरात बाळाला मारहाण!”

“अंबरला नाही हो, मिरचीला!”

“काय?”

“मिरचीला टिचकी मारली!”

तिकडे बराच वेळ फक्त समुद्राचा आवाज आला. मग वडील म्हणाले, “बरं, ठेवतो.”

दुपारभर प्रयत्न झाले. आजोबांनी सांभाळरावांना तासभर परागीभवन समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोन शंकाही विचारल्या, आणि शेवटी म्हणाले, “पटलं. पण नियम एक.” वीज काढावी, तर त्यांची बॅटरी चार दिवस चाले. आणि फूल एकदा उमललं की त्याच्याकडे वेळ तीन-चार दिवसांचाच. सतरातल्या पहिल्या कळ्या उद्या फुलणार होत्या. कोपऱ्यातून अंगाईचे सूर येत होते. शाल्मली जमिनीवर बसून बोटं मोडत होती. जगातलं शेवटचं रोप, आणि ते एका यंत्रमानवाच्या कुशीत अडकलेलं.

आईने अंबरला दूध पाजलं, खांद्यावर टाकलं आणि येरझाऱ्या घालत त्याची पाठ थोपटायला लागली. थप, थप, थप. अंबरचं डोकं प्रत्येक थापेला डुगडुगत होतं. मग तो चांगला मोठ्या माणसासारखा ढेकरला.

“अंबर. ढेकर एक, समाधानकारक,” कोपऱ्यातून नोंद झाली.

शाल्मली ताडकन उठली. “सांभाळराव, मिरचीचे ढेकर अजून प्रलंबित आहेत का?”

“खेदाने, होय. आज चौऱ्याऐंशी दिवस, रोज बारा. एकूण एक हजार आठ.”

“अष्टोत्तर सहस्र!” आजोबा हात जोडत म्हणाले.

“का नाही काढले?”

“नियम बावीस : अन्न दिल्यावर ढेकर येईपर्यंत पाठीवर हलकेच थोपटावं. परंतु,” सांभाळरावांचा आवाज प्रथमच ओशाळला, “मला बाळाची पाठ सापडत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.”

शाल्मलीने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी आईकडे. आईच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. तीच पुढे झाली. “सांभाळराव, मी दोन बाळांची आई आहे. माझ्यावर विश्वास आहे ना? हे खोड इथे दोन फांद्यांत फुटतं बघा. त्यातली ही उजवी फांदी म्हणजे पाठ.”

“आणि डावी?”

“पोट,” आजोबा पटकन म्हणाले. “पोटाला अजिबात थोपटायचं नाही.”

“आजोबा! डावीवर चार कळ्या आहेत. त्या वाया जातील!”

“आणि सगळ्याच फांद्या थोपटल्या आणि मिरच्या लागल्या, तर त्या थोपटण्यानेच लागल्या हे कशावरून? थंडीने लागल्या असतील, माझ्या येण्याने लागल्या असतील. चार कळ्या तशाच ठेवायच्या, तुलनेसाठी. याला नियंत्रण (बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट न करणं) म्हणतात. कठीण आहे, पण त्याशिवाय नक्की कळत नाही.”

शाल्मलीने मोठा श्वास घेतला. चार जातील. तेरा राहतील. “बरं,” ती म्हणाली.

डावी फांदी हलू नये म्हणून तिला काठीचा आधार बांधला. मग सांभाळरावांनी बादली गॅलरीच्या फरशीवर ठेवली, दोन बोटं उजव्या फांदीवर टेकवली आणि थोपटायला सुरुवात केली. थप, थप, थप. उद्यापासून एकेक फूल उमलणार होतं आणि तेरा फुलं पांढऱ्या घुंगरांसारखी थरथरणार होती. मिरचीला ढेकर काही येईना. पण नियमात ‘ढेकर येईपर्यंत’ असं लिहिलेलं, त्यामुळे सांभाळराव थांबायचं नाव घेईनात. ते चार्जिंगला उभे असतानाही एका हाताने थोपटत होते.

तिसऱ्या दिवशी शाल्मलीने भिंग लावलं, तेव्हा कुक्षीवर पिवळी भुकटी होती, जणू बेसनाच्या डब्यात बोट बुडवलेलं.

दहाव्या दिवशी आजोबांनी मोजदाद केली. उजव्या फांदीवरच्या तेरापैकी नऊ फुलांच्या पाकळ्या वाळून गळल्या होत्या, पण देठ हिरवेच, आणि प्रत्येकावर मोहरीहून जरा मोठा हिरवा मणी. डावीकडची तीन फुलं देठासकट खाली. आणि चौथं?

“यालाही लागली!” शाल्मली ओरडली. आनंदाने, आणि जरा गोंधळून. “पण याला तर कोणी थोपटलं नव्हतं. मग आपलं चुकलं का?”

आजोबांनी कपाळ खाजवलं. “नोंदी काय म्हणतात, रावसाहेब?”

“बुधवारी अकरा वाजता अंबरने ती काठी धरून उभं राहण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न केला. काठी जोरात हलली. अहवालात ‘उभा राहतो : होय’ असं आहे.”

“बुधवारी?” आई एकदम म्हणाली. “माझा मुलगा पहिल्यांदा उभा राहिला आणि मी कुठे होते?”

“आपण काचेची कडी नीट लागली आहे का, हे तपासत होता. तिसऱ्यांदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बोलावलेला माणूस येऊन गॅलरीला वरपासून खालपर्यंत बारीक जाळी ठोकून गेला. हात जाणार नाही, पण वारा येईल. आईने जाळी चारदा ओढून बघितली. मग काच उघडली, वीतभर. थोड्या वेळाने आणखी वीतभर. अंबरने तोंडावर वारा घेऊन डोळे मिचकावले आणि खदखदून हसला.

दहाच्या दहा मिरच्या वाढल्या. संक्रांतीला त्या लालभडक झाल्या होत्या, पण त्या तोडण्याआधी सांभाळरावांनी बोरन्हाणासाठी दोन्ही बाळांना शेजारी शेजारी बसवलं. अंबरला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, तसे मिरचीलाही. दोघांच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं आणि तिळाच्या रेवड्या ओतल्या. शेजारपाजारची मुलं बादलीतल्या रेवड्या उचलताना आधी वास घेऊन बघत होती.

संध्याकाळी आजोबांनी हातमोजे घालून पहिली मिरची उभी चिरली. खोलीत धुपाचा वास पसरला. शाल्मलीने बिया मोजल्या. त्रेसष्ट.

“वाचली,” आजोबा म्हणाले. आणि चष्मा पुसायला लागले, जो अजिबात खराब झालेला नव्हता.

सांभाळराव मात्र चिंतेत दिसले. “म्हणजे बाळाला सुमारे सहाशे बाळं होतील. मला सहाशे लंगोट लागतील.”

“तुम्हाला नाही. या बिया वाटायच्या,” आजोबा म्हणाले. “शाळांना, गॅलऱ्यांना, माझ्या गावच्या परसांना. आणि वीस बिया जाणार आहेत चंद्रावर. तिथे काचघर बांधतायत. माती, पाणी, उजेड, सगळी सोय झालीय. पण वारा नाही, आणि मधमाशी एकही नाही. त्यांनी विचारलंय, मिरची लागेल कशी?”

शाल्मलीने कागद ओढला आणि चंद्रावरच्या माणसांसाठी कृती लिहायला घेतली. बादलीच्या तळाला भोकं पाडा. पाणी बेताने द्या. फुलं आली की एक फांदी तुलनेसाठी सोडून बाकीच्यांना दिवसातून काही वेळा हलकेच थोपटा.

“किती वेळ, ते लिहिलंत का?” सांभाळरावांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

शाल्मलीने पेन्सिलीचं टोक चावलं, गालात हसली, आणि कंसात लिहिलं : (ढेकर येईपर्यंत).